बंद करून राहिलो!

काका घरातलं कुठलंही बटण बंद करण्याआधी मोठ्यानं सांगायचे, "बंद करून राहिलो!" आणि मग हात बटणावर तसाच ठेवून थांबायचे. आतून, माडीवरून किंवा गच्चीवरून कुणी "करा!" म्हटलं की मगच बटण बंद व्हायचं. पंखा असो, पाण्याची मोटर असो की न्हाणीघरातला दिवा असो, नियम एकच.

नागपूरला प्रताप नगरातल्या त्यांच्या घरी मी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला गेले, तेव्हा पहिल्याच दुपारी खालून ही आरोळी आली. मी जिन्यातून वाकून पाहिलं. काका भिंतीवरच्या बोर्डाला हात लावून, डोळे मिटून उभे होते. घरात दुसरं कुणीच नव्हतं, पण त्यांची वाट पाहण्याची तयारी दांडगी होती. शेवटी मलाच अवघडल्यासारखं झालं आणि मी वरूनच "करा!" म्हटलं. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, पंखा बंद केला आणि आत निघून गेले. पुढं आमचा घरोबा पुष्कळ वाढला, पण त्याची सुरुवात एवढीच.

जागा पाहायला गेले होते तेव्हाची मुलाखतही अशीच. एकट्या बाईनं घर शोधायला निघावं, म्हणजे आपल्या लग्नाची किती लोकांना काळजी आहे ते कळतं. लग्न का नाही केलं, मटण खाता का, कोण येणार, कोण जाणार. काकांनी यातलं काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "प्रेस किती वॅटची आहे? गिझर लावशीन काय? कूलरले पंप आहे का?" मी सांगत गेले आणि ते बोटांवर काहीतरी जुळवत गेले. मग म्हणाले, "चालते. तू बेस लोड आहे." बेस लोड म्हणजे दिवसभर एकसारखा, गाजावाजा न करता चालणारा भार, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की जागा मिळाली आणि कुणी आपली उलटतपासणी घेतली नाही. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

त्यांचा जन्म विजेच्या कारखान्यांत गेला होता. शेवटची पुष्कळ वर्षं खापरखेड्याला, कंट्रोल रूममध्ये. तिथं भिंतभर मीटर, आणि त्यांच्यासमोर बसून काटे पाहणं हे काम. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, भजनी मंडळात जातात. काकांनी घरी विजेची वारंवारिता दाखवणारा एक मीटर आणून बुद्धाच्या मूर्तीशेजारी भिंतीवर बसवला. सकाळी मूर्तीसमोर मेणबत्ती लावायची, हात जोडायचे, आणि त्याच हातांनी चष्मा सारखा करून मीटरचा काटा पाहायचा. काटा मधोमध, पन्नासवर, असला की दिवस चांगला. काटा जरा सरकला की ते चहा पिताना गप्प असत. कुठल्यातरी वीजकेंद्रात, चंद्रपूरकडे किंवा कोराडीकडे, कुणीतरी आता धावपळ करत असेल असं त्यांना वाटे, आणि आपण इथं चहा पितोय याची लाज वाटे.

त्यांच्या शिफ्टही सुटल्या नव्हत्या. एखाद्या आठवड्यात ते पहाटे उठून अंगण झाडायचे, एखाद्या आठवड्यात सकाळी चढत्या उन्हात झोपायला जायचे. "या आठवड्यात माह्यी सी शिफ्ट आहे," असं मला बजावून सांगत, म्हणजे रात्रपाळी. भाजी आणायला निघाले तरी जिन्याखाली उभे राहून चार्ज देऊन जायचे. "टाकी अर्धी आहे. दूध यायचं आहे. मांजर मागच्या दारात बसून आहे, तिले आत घेऊ नको. घेतला काय चार्ज?" मी "घेतला" म्हणेपर्यंत ते फाटकाबाहेर पाय ठेवत नसत. सुरुवातीला मी हसायचे. मग सवय झाली. आता मी दुसऱ्या घरात राहते, आणि बाहेर पडताना कुणाला तरी चार्ज द्यावासा वाटतो. द्यायला कुणी नसतं, म्हणून कुलूप नीट ओढून पाहते.

माझं काम घरूनच चाले. प्रकाशकांसाठी पुस्तकांची पानं लावायची, अक्षरं जुळवायची. दिवसभर पडद्यासमोर बसायचं काम, आणि जुना पडदा एके दिवशी काळा झाला तो कायमचा. मग मी बर्डीवरच्या एका दुकानातून सेकंड हँड मॉनिटर आणला. मोठा होता, चांगला होता. त्याच्या कडेला "रिसेप्शन" अशी चिठ्ठी चिकटवलेली होती आणि ती निघता निघत नव्हती. कुठल्याशा बंद पडलेल्या हॉटेलात तो आल्यागेल्याचं स्वागत करत असणार. माझ्याकडे आल्यावर मात्र त्याला कापरं भरलं. बादलीजवळून कुणी जोरात चालत गेलं की पाणी जसं हलतं, तशी त्याच्यावरची अक्षरं हलत. क्षणभर फडफड, मग सगळं शांत. पुन्हा थोड्या वेळानं फडफड.

मी हे काकांना सांगितलं ते सहज, चार्ज घेता घेता. त्यांचा चेहरा असा उजळला की जणू नोकरीवर परत बोलावल्याचा निरोप आला.

ते टेस्टर, टॉर्च आणि एक मऊ फडका घेऊन वर आले. आधी त्यांनी मॉनिटरला हात न लावता नुसतं पाहिलं, फार वेळ. दुपारची वेळ होती. कूलरमधून ओल्या खसाचा वास येत होता, खिडकीचे पडदे ओढलेले, खोलीत हिरवट अंधार. काका स्टुलावर बसले होते आणि त्यांच्या चष्म्यात माझं अर्धवट पान दिसत होतं. पडदा फडफडला. "हाव," ते म्हणाले. जणू त्यानं काही सांगितलं आणि यांना ते पटलं.

मग उपाय सुरू झाले. वायर बदलली. पिना पुसल्या. टेबल कूलरपासून दूर नेलं, कारण कूलरची मोटर नाठाळ असते. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचा हुकूम निघाला. एकदा त्यांनी मला सेटिंगमधला आकडा वाचायला लावला आणि मी साठ म्हटल्याबरोबर मांडीवर थाप मारली. "पाह्य! हा साठचा, अन् आपली लाइन पन्नासची. दोघायचं जमून नाही राहिलं!" हे ऐकून दुकानातला मुलगा फोनवर एवढा हसला की त्याला ठसका लागला. काकांना त्याचं काही वाटलं नाही. प्रत्येक उपायानंतर मॉनिटर थोडा वेळ शहाण्यासारखा वागायचा, काका विजयी मुद्रेनं जिना उतरायचे, आणि ते शेवटच्या पायरीवर पोचले की पडदा फडफडायचा. "फॉल्ट लपते," ते खालून म्हणत. "भेते आपल्याले."

मला दिलेल्या तारखेला पानं द्यायची होती आणि डोळे चुरचुरत होते. मी चिडले होते हे खरं. पण त्यांना "राहू द्या" म्हणवत नव्हतं. मॉनिटर आल्यापासून ते सी शिफ्ट विसरले होते.

शेवटी त्यांनी मोठी चाचणी ठरवली. घरातली एकूण एक वस्तू बंद करायची, फक्त मॉनिटर चालू ठेवायचा, आणि पाहायचं. मे महिन्यातली दुपार. काका खालच्या खोल्यांतून फिरू लागले. "पंखा बंद करून राहिलो!" "करा!" "मोटर बंद करून राहिलो!" "करा!" मग जिना चढून माझा पंखा, माझा लहानसा फ्रिज, शेवटी माझा कूलर. कूलर थांबल्यावर जी शांतता झाली तीत मला माझाच श्वास ऐकू येऊ लागला. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कपाळावरून घाम ओघळत होता आणि आम्ही दोघं त्या उजळ चौकोनासमोर बसलो होतो. झोप आणि जाग यांच्या मधे माणूस असतो तशी ती वेळ होती. मला तर वाटलं, आता सगळं नागपूरच बंद झालंय, आणि आपण दोघंच उरलोय.

"आता घरातलं सगळं बंद आहे," काका हळूच म्हणाले.

तेवढ्यात माझ्या पायांखाली, खालच्या स्वयंपाकघरात, काहीतरी खट् झालं. घरघर सुरू झाली. आणि पडदा फडफडला.

"पाह्यलं?" काका म्हणाले. "सगळं बंद असून फडफडला. म्हंजे फॉल्ट मॉनिटरमंधीच आहे."

"काका, खाली फ्रिज चालू आहे."

"फ्रिजले टॅग आहे."

"असू दे ना. पण तो चालू आहे. आता सुरू झाला तो, म्हणून फडफडलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात बनवाबनवी अजिबात नव्हती. पाढ्यात चूक काढल्यावर हुशार मूल पाहतं, तसे ते पाहत होते. "टॅग लागला असला तं ते बटण आपलं नसते, पोरी," ते म्हणाले. "ते मोजत नाहीत."

तो टॅग मी रोज पाहत होते. स्वयंपाकघरात फ्रिजच्या बटणावर सुतळीनं बांधलेलं लाल पत्र्याचं एक कार्ड लोंबकळत असे. त्यावर छापलेलं, "माणूस कामावर आहे. हात लावू नका." खाली नावासाठी कोरी जागा, आणि तिथं पेनानं लिहिलेलं एकच अक्षर, "मी". काकांच्या घरात असल्या चिजा इतक्या होत्या की ही आणखी एक, म्हणून मी कधी विचारलंच नव्हतं.

त्यांनी मला नियम समजावून सांगितला. यंत्राच्या आत माणूस कामाला उतरतो, तेव्हा त्याच्या बटणावर तो स्वतःच्या नावाचा टॅग लावून जातो. काम संपल्यावर तो टॅग त्यानंच काढायचा. दुसऱ्या कुणी नाही. साहेबानं नाही, मोठ्या साहेबानं नाही. कारण आत कोण आहे, कुठं हात घालून बसलाय, हे बाहेरच्याला दिसत नाही. तरुणपणी ते दुसऱ्या गावच्या एका प्लांटवर होते तेव्हा एक फिटर टॅग काढायला विसरून घरी गेला आणि तिथून थेट भावाच्या लग्नाला. पंप बंद पडून राहिला. सगळ्यांना ठाऊक की आत कुणी नाही, तरी कुणी टॅगला हात लावेना. जीप पाठवली. "पंगतीतून उचलून आनला त्याले," काका सांगत. "डोक्यावर अक्षता, हाताले वरणभात. तसाच आला, टॅग काढला, अन् पंप सुरू झाला."

"आणि तो सापडलाच नसता तर?"

"तं त्याच्या घरच्यायले विचारा लागते. घरचं मानूस म्हनते, बापा, झालं त्याचं काम, मंग काढता येते." एवढं सांगून ते उठले आणि कूलर सुरू करायला गेले. सुरू करताना त्यांना ओरडावं लागत नसे.

बाकीचं मला मावशींनी सांगितलं. मावशी म्हणजे काकूंची धाकटी बहीण. लकडगंजला राहायच्या, दर रविवारी काकांसाठी भाकरी आणि झणझणीत वांग्याची भाजी घेऊन यायच्या. काकू मी राहायला येण्याच्या पुष्कळ आधी गेल्या होत्या.

काकांना उन्हाळ्याच्या दुपारी फ्रिज बंद करायची खोड होती. भर दुपारी गावावर विजेचा ताण असतो, तेव्हा आपला फ्रिज तरी थोडा आराम करेल, असा त्यांचा हिशेब. काकूंचा बर्फ म्हणून कधी धड जमत नसे. "बंद करून राहिलो!" अशी हाक आली की त्या शेजारणीशी बोलण्याच्या नादात "करा!" म्हणून मोकळ्या व्हायच्या, आणि मग संध्याकाळी ट्रेमधलं पाणी पाहून स्वतःच्याच कपाळावर हात मारायच्या. शेवटी एका मे महिन्यात त्यांनी काकांच्या पिशवीतला एक जुना टॅग काढला, नावाच्या जागी "मी" लिहिलं आणि फ्रिजच्या बटणाला बांधला. काकांची ड्युटी होती. दुपारी त्यांनी काकांना फोन केला, "बर्फ लावून ठेवला आहे. येतांना लिंबं आना. सरबत करतो."

काका लिंबं घेऊन आले तेव्हा दाराला कुलूप होतं. शेजारच्यांनी काकूंना दवाखान्यात नेलं होतं. तिथून त्या घरी आल्या नाहीत.

"तेव्हापासून तो टॅग तसाच आहे," मावशी म्हणाल्या. "अन् तो बर्फही. मी म्हनलं, भाऊजी, वंदनेले बसता, सगळं अनित्य आहे म्हनता, अन् इथी बर्फ सांभाळून राहिले! माह्या फ्रिजमंधी नेऊन ठेवतो म्हनलं, तं तेही नाही. म्हनते, काम याच बटनावर आहे."

वीज गेली की सगळी गल्ली अंधारात हातपंखे हलवत बसायची आणि काकांच्या घरी इन्व्हर्टरवर फक्त फ्रिज चालायचा. लोक त्यांना चक्रम म्हणत. मीही मनातल्या मनात म्हटलं असेल. एकदा त्यांनी मला फ्रीजरचं दार उघडून दाखवलं. आत पांढराशुभ्र बर्फाचा डोंगर साचला होता, वर्षानुवर्षांचा. ट्रे कुठंच दिसत नव्हता. "आत आहे," ते म्हणाले. मी बोट लावायला गेले आणि काय वाटलं कोण जाणे, हात मागे घेतला.

फ्रिजचं आणि मॉनिटरचं नातं काकांना हळूहळू पटलं. तसे ते हट्टी नव्हते. नुसतं त्या बटणाजवळून त्यांचं मन पुढं सरकत नसे. एके दिवशी वर येऊन म्हणाले, "तू म्हनते ते बरोबर आहे. कॉम्प्रेसर म्हातारा झाला. उठतांना भिंत धरते, मंग सगळ्या घराची लाइन हालते." फ्रिजवाल्याला दाखवलं, तर तो म्हणाला, आधी बंद करा, सगळा बर्फ वितळू द्या, मग उघडून पाहतो. काकांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला.

इकडे दुकानातला मुलगा येऊन माझा मॉनिटर उघडून पाहून गेला. आतले दोन कपॅसिटर फुगले होते. लाइन जराशी हलली की मॉनिटरला तेवढंही सोसत नव्हतं. ते बदलले की फ्रिज हवा तेवढा धडपडू दे, पडद्याला काही होणार नाही. तासाभराचं काम. मी खुशीत होते. हे काकांना सांगितलं तर त्यांनाही आनंद होईल अशी माझी समजूत.

ते स्टुलावर बसले. चष्मा काढून पुसला. "तुह्यं काम अडते काय वं फार?" त्यांनी विचारलं.

"अडत नाही, पण डोळे दुखतात. का हो?"

"मले आता त्याचा आवाज येत नाही," ते म्हणाले. "मशिनीच्या आवाजात कान गेले. हात लावून पाहतो, पन हात लावला की मले माह्याच हाताची थरथर लागते. चालू आहे का बंद पडला, समजत नाही. तुह्या मॉनिटरवर दिसते." मग चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवून म्हणाले, "थोडे दिस राहू दे."

मला राग आला, आणि तो राग आल्याचाही राग आला. माझे डोळे, माझं काम, आणि खाली एका ट्रेमधलं पाणी. पण हा माणूस जन्मभर मीटर पाहत आला होता आणि आता त्याला एकच मीटर हवा होता, तो माझ्या टेबलावर होता. मी म्हटलं, "राहू द्या." दुकानातल्या मुलाला फोन करून सांगितलं, सध्या नको.

त्यानंतरच्या दुपारी मला अजून आठवतात, आणि त्या किती होत्या ते मात्र सांगता येत नाही, सगळ्या मिळून एकच दुपार झाली आहे. कूलरची संथ घरघर. पडद्यातून आत येणारी उन्हाची एक रेघ, टेबलावरून फरशीवर आणि फरशीवरून भिंतीवर चढणारी. मी कुणाच्या तरी कादंबरीची पानं लावतेय आणि मागं स्टुलावर काका बसलेत. ते वाचत नसत. ते वाट पाहत. माझ्याही नकळत मी वाट पाहू लागले. अक्षरं जरा फार वेळ स्थिर राहिली की माझा जीव खालीवर व्हायचा. मग खालून खट्, ओळी पाण्यासारख्या हलायच्या, आणि काका म्हणायचे, "चालू आहे." उठून जिना उतरायचे. मला वाटे, खाली कुणीतरी कूस बदलतंय आणि त्याचीच हालचाल वरपर्यंत येतेय. चांगल्या मॉनिटरवर काम करायचं सुख काय असतं ते मी विसरले होते. खरं सांगायचं तर मला ते नको होतं.

आणि एका रविवारी अक्षरं हललीच नाहीत.

सकाळपासून मी काम करत होते. मजकूर अवघड होता, लक्ष त्यात गुंतलेलं. जेवायच्या वेळी मान वर केली तेव्हा ध्यानात आलं की डोळे दुखत नाहीयेत. पडदा स्वच्छ, स्थिर, नव्यासारखा. मी कूलर बंद केला, न सांगता, आणि कान देऊन बसले. खालून मावशींच्या भांड्यांचा आवाज आला. बाकी काही नाही. वीज तर होती, पडदा उजळ होता.

मी जिना कसा उतरले ठाऊक नाही. काका बाहेर वर्तमानपत्र वाचत बसले होते. मला काही बोलावं लागलं नाही. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वर्तमानपत्राची नीट घडी घातली.

स्वयंपाकघरात फ्रिजखाली पाण्याचा लहानसा ओघळ आला होता. त्यांनी फ्रीजरचं दार उघडलं. डोंगर सैल झाला होता. एक मोठा पांढरा कपचा आपणहून सुटून खाली पडला, आणि त्याच्यामागं ॲल्युमिनियमच्या ट्रेची कड दिसली.

"काका, कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमवाल्याकडं थर्माकोलचा डबा मिळेल," मी म्हटलं. "मी पळत जाऊन आणते. त्यात ठेवू, नाहीतर माझ्या फ्रिजमध्ये. अजून वितळलेला नाही." मला स्वतःचा आवाज परका वाटत होता. तो बर्फ वाचायलाच हवा होता. त्यांच्याइतकाच मलाही हवा होता.

काकांनी ट्रेच्या कडेला बोट लावलं आणि ते ओलं बोट पाहत राहिले. मी दारापर्यंत पोचले होते तेव्हा ते म्हणाले, "थांब वं." मग मावशींकडे वळले. त्या हातात पोळपाट घेऊन तशाच उभ्या होत्या. काका सरळ उभे राहिले, ड्युटीवर उभे राहत असतील तसे, आणि मोठ्या, स्पष्ट आवाजात विचारलं,

"तू तिच्या घरची आहे. म्हनून तुले विचारून राहिलो. झालं काय तिचं काम?"

इतकी वर्षं दर रविवारी त्यांची टर उडवणाऱ्या मावशींनी हातातला पोळपाट खाली ठेवला. पदरानं तोंड पुसलं.

"तुमच्यासाठीच लावला होता ना तिनं बर्फ," त्या म्हणाल्या. "तुम्ही ड्युटीवरून येऊन राहिले होते म्हनून. आले ना तुम्ही, भाऊजी? झालं मंग तिचं काम."

काकांनी मान हलवली. टॅगची सुतळी जुनी होऊन कडक झाली होती, गाठ सुटत नव्हती. मी सुरी पुढं केली, ती त्यांनी घेतली नाही. नखांनी, सावकाश, त्यांनी ती गाठ सोडवली आणि टॅग शर्टाच्या खिशात ठेवला.

लिंबं घरात होती. नागपूरच्या उन्हाळ्यात ती कुणाच्या घरात नसतात? मावशींनी सरबत केलं, मीठ थोडं जास्त, काकूंच्या हातचं असायचं तसं, असं त्यांनीच सांगितलं. ट्रे पाण्याखाली धरल्यावर बर्फाचे खडे सुटले. कोपरे विरघळून गोल झालेले, मधे जरासे धुरकट. तिघांच्या ग्लासात ते वाटले. माझ्याही ग्लासात. मी नको म्हणणार होते, पण काकांनी स्वतः टाकला.

आम्ही फरशीवरच बसून प्यालो. खडे ग्लासाला लागून वाजत होते आणि तो आवाज मात्र काकांना ऐकू येत असावा, कारण प्रत्येक वेळी ते ग्लासात पाहत.

"थंड आहे," ते म्हणाले. नंतर पुन्हा एकदा, "चांगलं थंड झालं."

ग्लास संपल्यावर त्यांनी तो धुऊन पालथा घातला आणि फ्रिजजवळ गेले. बटणावर हात ठेवला.

"बंद करून राहिलो!"

नेहमी ही हाक आली की माझं उत्तर तयार असे. त्या दिवशी मी मावशींकडे पाहिलं. काका डोळे मिटून उभे होते. त्यांना घाई नव्हती.

"करा," मावशी म्हणाल्या.

आणि काकांनी बटण बंद केलं.